स्ट्रोकस्टाउन : पाहण्यासाठी बांधलेले आणि पाहू न दिलेले

आयर्लंडची प्रवासवर्णने चाळली तर रॉसकॉमन या काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) वाट्याला त्यांत दोन-चार ओळींपलीकडे काही येत नाही. या भागाला समुद्रकिनारा नाही, उंच डोंगर नाहीत. गवताची कुरणे, लहान लहान तळी आणि काळ्या दलदली एवढेच येथील निसर्गवैभव. याच काउंटीत, डब्लिनच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, स्ट्रोकस्टाउन हे गाव आहे. लोकवस्ती हजाराच्या आत. तरीही जमीनदारी आणि दुष्काळ यांचा परस्परसंबंध समजून घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे गाव जितके शिकवील, तितके एखादे मोठे शहरही क्वचितच शिकवील. प्रस्तुत लेखात या गावातील व त्याच्या परिसरातील प्रेक्षणीय स्थळांचा परिचय करून द्यावयाचा आहे. मात्र 'प्रेक्षणीय' हा शब्द येथे जरा जपूनच वापरावा लागतो.

गावात शिरताच नजरेत भरतो तो मुख्य रस्ता. एवढ्याशा गावाला जवळजवळ दीडशे फूट रुंदीचा रस्ता! डब्लिनमधील ओकॉनेल स्ट्रीटनंतर आयर्लंडमधील सर्वांत रुंद रस्ता तो हाच, असे गावकरी अभिमानाने सांगतात. व्हिएन्नातील प्रसिद्ध रिंगस्ट्रासे पाहून जमीनदाराने तो आखून घेतला, अशीही एक कथा आहे. कथा सुरस आहे, पण कालगणनेत बसत नाही. कारण व्हिएन्नाच्या त्या रस्त्याचे काम १८५७ नंतर सुरू झाले आणि स्ट्रोकस्टाउनचा रस्ता त्यापूर्वीच आखला गेला होता. रस्त्याच्या एका टोकाला अष्टकोनी चर्च आहे, तर दुसऱ्या टोकाला तीन कमानींचे भव्य प्रवेशद्वार. या द्वारातून आत गेले की मॅहन घराण्याचा वाडा लागतो. म्हणजे हा रस्ता गावासाठी कमी आणि वाड्यासाठी अधिक होता. येणाऱ्याची नजर थेट मालकाच्या दाराशी जावी, हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो.

मॅहन घराण्याला येथील जमीन सतराव्या शतकात मिळाली. आयर्लंडमधील जुन्या कॅथलिक घराण्यांच्या जमिनी काढून घेऊन इंग्रजी सत्तेच्या बाजूच्या लोकांना देण्याचा तो काळ. वाड्याला आजचे रूप आले ते अठराव्या शतकात. मधोमध राहते घर आणि दोन्ही बाजूंना जोडलेल्या दोन शाखा, अशी त्याची रचना आहे. एका शाखेत स्वयंपाकघर, तर दुसरीत घोड्यांचे तबेले. तबेल्यांची छते एखाद्या चर्चसारखी घुमटाकार आहेत. कुळांच्या मातीच्या खोपट्यांशी त्यांची तुलना मनात आल्यावाचून राहत नाही.

पाहणाऱ्याने विशेष थांबावे ते स्वयंपाकघरात. याच्या वरच्या अंगाला लाकडी सज्जा आहे. घरच्या बाईसाहेब सोमवारी सकाळी या सज्जात येत आणि आठवड्याच्या जेवणाची यादी वरूनच खाली टाकीत, असे सांगतात. खाली उतरण्याची गरजच नसे. याखेरीज नोकरांच्या ये-जा करण्यासाठी एक भुयारी मार्ग बांधलेला होता. बागेत बसलेल्या मालकांच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या दृष्टीस कष्टकरी माणसे पडू नयेत म्हणून ही व्यवस्था! दीडशे फुटांचा रस्ता दिसण्यासाठी आणि भुयार न दिसण्यासाठी. एकाच घराण्याने दोन्ही बांधली. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा इतिहास समजण्यास सोपा जातो.

१८४५ साली आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर करप्याचा रोग पडला. लक्षावधी गरीब कुटुंबांचे अन्न म्हणजे जवळजवळ केवळ बटाटा. थोड्याशा जमिनीत घरचे पोट भरेल असे दुसरे पीक नव्हते. त्याच वर्षी स्ट्रोकस्टाउनची जहागीर मेजर डेनिस मॅहन याच्याकडे आली. जमीन हजारो एकर, तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे, खंडाची थकबाकी मोठी आणि वर कर्ज. ऑगस्ट १८४६ मध्ये क्लूनाही या वाडीतील कुळांनी जमीनदाराकडे एक अर्ज केला. आम्हांला भीक नको, काम द्या. मुले डोळ्यांदेखत उपाशी आहेत, असा त्याचा आशय. अर्जाची भाषा नम्र आहे, परंतु काम मिळाले नाही तर नाइलाजाने वेगळा मार्ग धरावा लागेल, हेही त्यात सूचित केलेले आहे.

येथे तत्कालीन कायद्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. गरिबांच्या मदतीसाठी जो कर बसे, तो चार पौंड वा त्याहून कमी आकारणीच्या जमिनींबाबत कुळाऐवजी जमीनमालकाला भरावा लागे. साहजिकच लहान कूळ म्हणजे मालकाच्या दृष्टीने बुडीत खाते. त्यातच १८४७ च्या दुरुस्तीने पाव एकराहून अधिक जमीन धरणाऱ्याला सरकारी मदत नाकारली. जमीन सोडा, मगच भाकरी! इतका उघड सौदा कायद्याच्या पुस्तकात क्वचितच लिहिला गेला असेल. या काळात लंडनच्या अर्थखात्यातून मदतकार्याची सूत्रे हलविणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यन आपल्याही इतिहासाला परका नाही. त्याची नोकरी कंपनी सरकारच्या सेवेत हिंदुस्थानात सुरू झाली होती आणि पुढे १८५९ साली तो मद्रासचा गव्हर्नर झाला. याच दुष्काळात कलकत्त्याहून आयर्लंडसाठी वर्गणी गेली होती, हेही येथे नमूद करावयास हवे.

मॅहनच्या कारभाऱ्याने हिशेब मांडला. कुळांना वर्कहाउसमध्ये (काम करून घेऊन जेमतेम जगविणाऱ्या सरकारी आश्रयगृहात) पोसण्यापेक्षा कॅनडाला पाठविणे स्वस्त पडेल, असा निष्कर्ष निघाला. मे १८४७ मध्ये १४९० माणसे, बायका-मुलांसह, स्ट्रोकस्टाउनहून पायी निघाली. ती खरोखरच जहाजावर चढतात की नाही हे पाहण्यासाठी एक बेलिफ बरोबर होता. रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिन, तेथून लिव्हरपूल आणि पुढे चार जहाजांतून क्वेबेक. त्यांपैकी 'व्हर्जिनियस' या जहाजावर ४७६ उतारू होते. कॅनडातील ग्रोस ईल या विलग्नवासाच्या बेटावर पोहोचण्यापूर्वीच त्यांतील १५८ जण तापाने मेले. एकंदरीत या १४९० माणसांपैकी सुमारे निम्मी माणसे दगावली असे मानले जाते.

२ नोव्हेंबर १८४७ रोजी सायंकाळी मदतकार्याच्या सभेहून घरी परतत असताना मेजर मॅहनची वाटेत गोळी घालून हत्या झाली. पुढील वर्षी दोघांना फाशी देण्यात आले. या हत्येने ब्रिटिश पार्लमेंट हादरले. त्यानंतर एल्फिनच्या बिशपने या जहागिरीतून हुसकावलेल्यांची यादीच प्रसिद्ध केली. तीत ३००६ माणसांची नोंद होती. एका बाजूला एक खून आणि दुसऱ्या बाजूला ही यादी. यांपैकी त्या वेळी लंडनमध्ये अधिक चर्चा कशाची झाली हे वाचकांनी ओळखले असेलच.

हा सारा तपशील आज उपलब्ध आहे तो एका योगायोगामुळे. १९७९ साली मॅहन वंशजांनी वाडा विकला. विकत घेणारे जिम कॅलरी हे गावातलेच वाहनव्यावसायिक. त्यांना धंद्यासाठी जमीन हवी होती. वाड्याच्या कचेरीत त्यांना जुन्या कागदांचे ढीग सापडले आणि त्यांतच क्लूनाहीचा तो अर्ज होता. संग्रहात पन्नास हजारांहून अधिक कागद असल्याचे पुढे आढळले. कॅलरींनी वाडा पाडला नाही. तबेल्यांच्या आवारात त्यांनी राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय उभारले. १९९४ साली राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि नूतनीकरणानंतर २०२२ साली ते पुन्हा उघडले. माझ्या मते या संग्रहालयाचे खरे मोल त्याच्या जागेत आहे. दुष्काळाची संग्रहालये अन्यत्रही उभारता येतील; परंतु येथे मालकाच्याच दप्तरातील कागद मालकाच्याच अंगणात साक्ष देत आहेत. वाड्यातील भारी भांडी आणि बागेतील फुलांचे लांबच लांब ताटवे पाहून आलेला माणूस वीस पावलांवर तो अर्ज वाचतो. दुष्काळाचे 'दर्शन' तिकीट लावून घडवावे काय, हा प्रश्न मनात येतोच. पण केवळ वाडा दाखवून कागद झाकले असते, तर ते अधिक गैर झाले असते.

१८४७ च्या त्या वाटेचा आता पायवाट म्हणून जीर्णोद्धार झाला आहे. स्ट्रोकस्टाउन ते डब्लिन बंदर हा १६५ किलोमीटरचा 'राष्ट्रीय दुष्काळमार्ग' २०२० पासून खुला आहे. वाटेत तीसहून अधिक ठिकाणी लहान मुलांच्या जोड्यांच्या कांस्यप्रतिमा बसविल्या आहेत. पुतळा नाही, शिलालेखाची गर्दी नाही, नुसता जोडा. या काफिल्यातील डॅनियल टाय नावाचा बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची बहीण कॅनडात वाचली व एका फ्रेंचभाषक कुटुंबात वाढली. त्याचा एक वंशज २०१३ साली स्ट्रोकस्टाउनला येऊन गेला.

परिसरातील इतर स्थळांपैकी पहिला मान रॅथक्रोहनचा. पश्चिमेला टल्स्क या खेड्याजवळ कनॉटच्या प्राचीन राजांची ही राजधानी होती असे मानतात. दगडी तटबंदी वा प्रासाद पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची येथे निराशा होते. दिसतात ती गवताने झाकलेली टेकाडे आणि त्यांवर चरणारी गुरे. पण या टापूत दोनशेंहून अधिक पुरातन अवशेष नोंदलेले आहेत. राणी मेव्ह आणि तिचा नवरा यांच्यात संपत्ती कोणाची अधिक असा वाद होतो व त्यातून एका बैलासाठी युद्ध पेटते, अशी जी आयरिश वीरकथा आहे तिचा आरंभ येथलाच. 'मांजरांची गुहा' या नावाने ओळखले जाणारे एक अरुंद विवर शेताच्या कडेला आहे. त्याच्या तोंडाशी आडव्या दगडावर प्राचीन ओगम लिपीतील कोरीव रेघा असून त्यांचा अर्थ 'मेव्हचा पुत्र फ्रेख याचा' असा लावतात. हिवाळ्याच्या आरंभी, साउइन सणाच्या रात्री, या विवरातून भुतेखेते बाहेर पडत अशी समजूत होती. जगभर साजरी होणारी हॅलोवीनची रात्र हिच्याशीच जोडली जाते.

एल्फिनजवळ अठराव्या शतकातील एक पवनचक्की दुरुस्त करून चालू स्थितीत ठेवली आहे. तिचे छप्पर गवताने शाकारलेले आहे. शेजारच्या लाँगफर्ड काउंटीत कॉर्ली येथे दलदलीखाली ओक लाकडाच्या फळ्यांचा रस्ता सापडला. वृक्षवलयांवरून त्याचे वर्ष इ.स.पू. १४८ असे निश्चित झाले असून त्याचा सुमारे १८ मीटरांचा भाग खास बांधलेल्या दालनात ओलसर हवेत जपला आहे.

रॉसकॉमनच्या उत्तर टोकाला आरिग्ना ही कोळशाची खाण आहे. १९९० साली ती बंद पडली आणि २००३ साली पाहुण्यांसाठी उघडली. तेथे मार्गदर्शक म्हणून पूर्वीचे खाणकामगारच नेमण्यात आले. कोळशाचा थर इतका पातळ की कामगारांना पाण्यात एका कुशीवर आडवे पडून तो खणावा लागे. ते कसे पडावे लागे, हे ती माणसे स्वतः दाखवीत.