पाण्यावर विसंबू नकोस

चि. ओंकार यास,


परवा फोनवर तू म्हणालास, "मावशी, हुक्क्याचा धूर पाण्यातून गाळून येतो, त्याने काही होत नाही." हे पत्र त्यासाठीच.

पाण्याने धूर गार होतो, स्वच्छ होत नाही. थोडे निकोटिन पाण्यात उतरते. पण डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाला कारण होणारी रसायने छातीत पोहोचतातच. गार धूर घशाला लागत नाही, म्हणून झुरकाही खोल जातो. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते, हुक्क्याची बैठक तासभर चालते. तेवढ्यात 100 किंवा अधिक सिगारेटींइतका धूर ओढला जाऊ शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच दिला आहे.

'हर्बल' घेतो म्हणशील. त्यात तंबाखू नसेल, पण चिलमीवर निखारा असतोच. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. मग डोके दुखते, गरगरते, मळमळते. तुम्ही मुले ज्याला 'किक' म्हणता, ती पुष्कळदा ही विषबाधाच असते. कुणाला अशी भोवळ आली, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत ने, दवाखान्यात पोहोचव आणि हुक्का ओढल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांग. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे आकडे दाखवते; ते पाहून निर्धास्त राहू नकोस. शिवाय एकच नळी तोंडोतोंडी फिरते, तिच्यातून क्षयासारखे आजारही पसरू शकतात.

धोका आगीचाही आहे. 2017 च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबच्या आगीत 14 जण गेले. हुक्क्याच्या निखाऱ्यांनी ती पेटल्याचे अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आले. पुढच्याच वर्षी आपल्या राज्याने हुक्का पार्लरांवर कायद्याने बंदी आणली. तेव्हा जिथे तू जातोस, तिथे तंबाखूचा हुक्का मिळत असेल, तर ती जागाही बेकायदाच आहे.

मित्र सोड, असे मी म्हणणार नाही. नळी पुढे आली की "मी ओढत नाही" एवढेच म्हण; कारणे देत बसू नकोस. चार दिवस न ओढता चिडचिड होऊ लागली, लक्ष लागेना, तर निकोटिनची सवय जडू लागली असे समज आणि लपवू नकोस. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे बोल. किंवा मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी ओरडणार नाही.

तुझी,
मावशी