सुजलेले पाय: गोळी किती, सेवा किती?

अभ्यासपाठ. वाचन: लूक १४:१-६, योहान १३:१-१७



पावसाळ्याच्या अगोदर आपल्या मंडळीतील काही कुटुंबांनी पाड्यांवरील पाय सुजलेल्या बहिणींच्या औषधासाठी दान दिले. त्यातून आणलेल्या गोळ्यांचे काय झाले, हे आपणांस सांगणे माझे कर्तव्य आहे. त्यात माझी एक चूकही आहे.

मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावरची कातकरी मावशी दिवाळीनंतर कल्याणजवळच्या वीटभट्टीवर कामाला येते. तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून हत्तीरोगाची सूज असल्याचे सांगितले. चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिल्या: सुजेची गोळी आणि रोज दोन वेळा पाय साबणाने धुणे. मी गोळ्या आणून दिल्या. पाय धुण्याचे मात्र मी दारातूनच सांगितले, कारण मला ती गोष्ट साधी वाटली. पाऊस सुरू झाला, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, आणि एका रात्री मावशीला थंडी वाजून ताप भरला. पाय लालबुंद झाला. गोळ्या चालूच होत्या. ताप उतरला, पण सूज पूर्वीपेक्षा वाढली.

सूज एक, कारणे अनेक

लूकच्या शुभवर्तमानात जलोदर झालेला मनुष्य प्रभूसमोर येतो. जलोदर म्हणजे अंगात पाणी साठून आलेली सूज. परूशी नियमाकडे पाहत होते, प्रभूने त्या माणसाकडे पाहिले. आपणही प्रथम माणसाकडे पाहावे, म्हणजे ही सूज कशाची हे विचारावे.

दोन्ही पाय सुजतात आणि दम लागतो, तेव्हा हृदय किंवा मूत्रपिंड तपासावे लागते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते; त्याच दिवशी रुग्णालयात जावे. डोंबिवली-ठाण्यात दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, त्यांना आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढल्यावर काही भगिनींचा हात सुजतो. आणि हत्तीरोगात डासाच्या चाव्यातून आलेले जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहून त्या निकामी करतात. लसिका म्हणजे पेशींभोवतीचे पाणी परत रक्तात नेणारा प्रवाह. तो अडला की सूज येते. हा डास, क्युलेक्स, तुंबलेल्या गटारांत आणि घाण पाण्यात वाढतो. हत्तीरोग असलेल्या जिल्ह्यांत विदर्भाबरोबर ठाणे व पालघर यांचीही नावे आहेत.

गोळी कशाची असते?

सुजेसाठी लिहून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्ये असतात. संत्र्या-लिंबाच्या सालीत ती भरपूर असतात. १९३६ साली हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबाच्या अर्कातील अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन पी' असे नाव दिले होते. पुढे ते व्हिटॅमिन नाही हे ठरले, पण बारीक रक्तवाहिन्यांची गळती त्याने कमी होते हा विचार टिकला. आज प्रचलित असलेल्या एका ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असते. ती शिरांना ताण देते, दाह कमी करते आणि लसिकेच्या वहनाला मदत करते.

शिरांच्या आजारात या गोळीने पाय जड वाटणे, दुखणे आणि संध्याकाळची सूज कमी होते. लसिकेच्या सुजेत मात्र पुरावा कमजोर आहे. याच कुळाजवळचे कूमारिन हे औषध तंजावूर येथे हत्तीरोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले आणि सूज हळूहळू उतरल्याचे १९८९ व १९९३ साली नोंदवले गेले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु १९९९ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या १४० स्त्रियांवरील अभ्यासात कूमारिन आणि औषध नसलेली गोळी यांत फरक आढळला नाही. उलट ६ टक्के स्त्रियांच्या यकृतावर परिणाम दिसला. ऑस्ट्रेलियात यकृताच्या त्रासामुळे ते औषध त्यापूर्वीच मागे घेतले गेले होते. डायोस्मिन म्हणजे कूमारिन नव्हे, हे लक्षात असू द्या. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि शेजारणीला गुण आला म्हणून आपल्या मनाने सुरूही करू नये.

आणखी एक गोष्ट. फ्लेव्होनॉइडने हत्तीरोगाचे जंत मरत नाहीत. त्यासाठी डीईसी व अल्बेंडाझोल ही औषधे आहेत, आणि काही जिल्ह्यांत त्यांबरोबर आयव्हरमेक्टिनही देतात. आरोग्य कर्मचारी ती घरोघरी विनामूल्य देतात. ती त्यांच्यासमोरच जेवणानंतर घ्यावीत. गरोदर स्त्रिया, २ वर्षांखालील बालके आणि गंभीर आजारी यांना देऊ नयेत.

मग पाय कशाने सांभाळला जातो?

सूज वाढवणारे खरे कारण वारंवार येणारा ताप हे आहे. चिखल्या, भेगा आणि जखमांतून जंतू आत शिरतात आणि प्रत्येक तापानंतर पाय अधिक जाड होतो. म्हणून:

१. साध्या पाण्याने व साबणाने पाय रोज दोन वेळा धुवावा. घड्या आणि बेचके विसरू नयेत.
२. मऊ कापडाने टिपून कोरडा करावा, घासू नये.
३. चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे.
४. बसताना व झोपताना पाय उंच ठेवावा. घोटा वर-खाली व गोल फिरवावा.
५. अनवाणी चालू नये. पट्टा बांधायचा तो शिकलेल्या माणसाकडून शिकूनच.
६. ताप आला तर पाय चोळू नये, गार पाण्याची पट्टी ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

कंबरेला रुमाल

योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने पाणी घेतले, रुमाल घेतला आणि शिष्यांचे पाय धुतले, पुसले. हा पाठ मी पदविकेच्या वर्गात शिकले, कितीदा शिकवला. पण मावशीच्या अंगणात खाली बसायला मला तापाची ती रात्र यावी लागली. आता आम्ही टब, मग, साबण आणि टॉवेल घेऊन जातो. पहिल्या आठवड्यात आम्ही पाय धुतो, नंतर तिची सून धुते, मग मावशी स्वतः. पाय पूर्ववत झालेला नाही, आणि तसे वचन आम्ही देत नाही. पण त्यानंतर तिला तसा ताप आलेला नाही, आणि पायाला येणारा वास गेल्यामुळे शेजारणी पुन्हा तिच्या ओट्यावर बसू लागल्या आहेत.

आपले दान वाया गेले नाही. यापुढे त्यातून गोळ्या डॉक्टर सांगतील त्यांनाच, आणि साबण-टॉवेल प्रत्येकाला मिळेल. पैशांबरोबर महिन्यातून एक शनिवार देणारे हातही हवे आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. लूक १४ मध्ये प्रभूने त्या मनुष्यासाठी काय केले आणि परूशी काय करीत राहिले?
२. आपल्या दानात वस्तू किती आणि सहवास किती असतो?
३. आपल्या चाळीत किंवा इमारतीत सूज लपवून बसलेले कोणी आहे काय? त्यांना दवाखान्यात कोण घेऊन जाईल?

प्रार्थना: वीटभट्टीवर काम करणाऱ्या बहिणींसाठी, पाड्यांवर औषध पोहोचवणाऱ्या आशाताईंसाठी, आणि आपले गुडघे टेकण्यास तयार व्हावेत म्हणून.