एक व्यापारी, दोन नावे

वंशावळ लिहिताना नावाने फसू नका. १८९६ साली ब्रायटनला वारलेले सर आल्बर्ट ससून १८१८ साली बगदादला जन्मले, ते अब्दुल्ला म्हणून. मुंबईची ससून गोदी १८७५ साली बांधली ती यांनीच. कच्चा शोधक इथे एका माणसाचे दोन करतो! खूण त्यांच्या पुऱ्या नावातच आहे: आल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड. यातला डेव्हिड वडिलांचा.

आपल्यातही तेच. १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल. तेव्हा आजोबांच्या दुकानाचे कागद शोधताना आधी वडिलांचे नाव जुळवा, मग गावाचे आडनाव. कबरीच्या दगडावर ‘बेन’पुढे काय कोरले आहे ते पाहा. आणि घरातल्या वृद्ध आत्याबाईंना आजच विचारा, आजोबांना घरी काय म्हणत.