कँटीनचा कर आणि कामगारांची मोजदाद

जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये खाद्यपदार्थ आणि केटरिंग सेवेवरच्या कराचं इनपुट टॅक्स क्रेडिट बंद केलेलं आहे. चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याला नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्याने वाचन तिथेच थांबवलं. कारखान्याचे लेखाप्रमुख आजही हे सांगताना चिडतात. चिडण्यासारखंच आहे ते.

कारण १ फेब्रुवारी २०१९ पासून त्याच कलमाला परंतुक आहे. कर्मचाऱ्यांना जी सोय देणं एखाद्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, तिच्यावरच्या कराचं क्रेडिट मिळतं. हे परंतुक केटरिंगलाही लागू आहे का, यावर पुढे बराच काळ वाद चालला. ६ जुलै २०२२ च्या १७२ क्रमांकाच्या परिपत्रकाने तो मिटवला. आणि नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ चं कलम ४६ अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीनची सक्ती करण्याचा अधिकार राज्याला देत होतं.

सुनावणीत परिपत्रक पुढे ठेवल्यावर अधिकाऱ्याने हजेरीपट मागितला. कायम कामगार अडीचशेच्या आत होते, ठेकेदाराची माणसं धरली की आकडा सहज ओलांडत होता. "ही माणसं तुमची कुठे आहेत?" अधिकारी म्हणाला. लेखाप्रमुखांनी कारखाना अधिनियमातली व्याख्या वाचून दाखवली: थेट कामावर घेतलेला किंवा कंत्राटदारामार्फत आलेला, दोघेही कामगारच. साहेबांनी फाईलमधून मान वर केली नाही. "लेखी द्या," एवढंच उत्तर. करखात्यापुढे आपल्याला कामगार कायदाच शाबीत करावा लागणार आहे, हे लेखाप्रमुखांना तेव्हा कळलं. लेखी उत्तर गेलं, तरी आदेश विरोधातच आला. वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरून अपील करावं लागलं. तिथे त्यांचं म्हणणं मान्य झालं. जी व्याख्या १९७६ पासून कायद्यात होती, तिच्यासाठी एवढी यातायात!

दुसरा घाव कँटीनच्या ठेकेदाराचा. दर महिन्याला बिलात ५ टक्के कर लावून त्याने पैसे घेतले आणि विवरणपत्रं मात्र भरलीच नाहीत. जानेवारी २०२२ पासून जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या विवरणात न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही. ते पैसे बुडाले. ठेकेदार आता फोनही उचलत नाही.

म्हणून आता लेखाप्रमुख ओळखीच्या प्रत्येक कारखान्याला बजावतात: ठेकेदाराच्या बिलातली कराची रक्कम २बी मध्ये दिसेपर्यंत रोखून धरा आणि तशी अट करारातच घाला. पण १८० दिवसांच्या आत बिल चुकतं करा, नाहीतर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. कारखान्याचा परवाना, कायम आणि कंत्राटी दोन्ही हजेरीपट, कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा परवाना हे सगळं दर महिन्याच्या बिलामागे लावून ठेवा. नोटीस आल्यावर जमवलेल्या कागदांकडे संशयाने पाहिलं जातं. ५ टक्क्यांच्या दराला जोडलेली 'क्रेडिट नाही' ही अट ठेकेदारासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. ही गल्लत सल्लागारही करतात. चांगला सल्लागार धरा, हे तर आलंच.

कामगाराच्या पगारातून जेवणाचे पैसे कापत असाल, तर तेवढ्या हिश्शाचं क्रेडिट घेऊ नका. टाटा मोटर्सच्या प्रकरणात गुजरातच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२१ मध्ये कापलेल्या रकमेवर जीएसटी नाही असं सांगितलं, पण क्रेडिट नाकारलं; ते मालकाने सोसलेल्या खर्चापुरतं धरलं ते २०२२ मध्ये अपील प्राधिकरणाने. असा निर्णय अर्जदारापुरताच बंधनकारक असतो, तेव्हा केवळ त्याच्या भरवशावर राहू नका.

मागच्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट ३० नोव्हेंबरनंतर घेता येत नाही, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते. कँटीनच्या बिलांचा ताळा दिवाळीच्या आधीच घ्या.