कोरोना होऊन गेला, मग लस कशाला?

दवाखान्यात कोरोनाच्या लसीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक म्हणजे, "डॉक्टरसाहेब, मला तर कोरोना होऊन गेलाय. आता लस कशाला?" आणि दुसरे, "दोन्ही डोस घेतले, तरी झालाच की! मग लसीचा उपयोग काय?" पहिल्या माणसाचा आजारावर फार विश्वास आहे, दुसऱ्याचा लसीवरचा विश्वास उडाला आहे. पण दोघांच्या मनातली समजूत एकच आहे. एकदा संरक्षण मिळाले की तो आजार जन्मात पुन्हा होता कामा नये, ही ती समजूत. ती कोरोनाला का लागू पडत नाही, हे आज समजून घेऊ.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. २०२५ च्या मे-जूनमध्येही राज्यात पुन्हा रुग्ण आढळले. म्हणून वाचकांनी हा विषय शिळा समजू नये.

गोवराचा नियम कोरोनाला नाही

गोवर आणि कांजिण्या माणसाला सहसा एकदाच होतात, हे आपल्या आजीला पुस्तक न वाचता ठाऊक होते. ते बरोबरही आहे. गोवराचा विषाणू वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून अंगावर पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. पूर्वी गोवर झालेला असेल किंवा लस घेतलेली असेल, तर शरीरातील 'आठवण' ठेवणाऱ्या पेशींना जागे व्हायला एवढा वेळ पुष्कळ होतो. आजार दिसण्याआधीच त्याचा निकाल लागतो.

कोरोनाचे तसे नाही. तो नाका-घशात उतरतो आणि दोन-चार दिवसांत लक्षणे दाखवतो. नाकाच्या आतल्या त्वचेवर त्याला अडवणारी प्रतिपिंडे काही महिन्यांत कमी होतात. रक्तातील आठवणीच्या पेशी शिल्लक असतात, पण त्या जाग्या होईपर्यंत ताप आणि खोकला सुरू झालेला असतो. त्यातच हा विषाणू रूप बदलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओमायक्रॉनच्या बाहेरील काट्यांत तीसहून अधिक बदल झालेले होते. जुन्या ओळखीवर नवा चेहरा पटकन ओळखू येत नाही, तसेच हे आहे.

मात्र या पेशींचे काम उशिरा का होईना, सुरू होते. गावच्या जागल्याला चोर वेशीवर अडवता आला नाही, तरी तो हाकाटी करून गाव उठवतो आणि चोराला तिजोरीपर्यंत जाऊ देत नाही. नाक-घसा ही वेस आणि फुप्फुसे ही तिजोरी. लसीचे मोठे काम तिजोरी राखण्याचे आहे. "लस घेतली तरी झाला" म्हणणाऱ्यांनी किती दिवस आजारी होतो, प्राणवायू लागला का, हेही सांगावे.

पुन्हा होतो, याचा पुरावा

पुन्हा लागण होते, हे साथीच्या पहिल्याच वर्षी स्पष्ट झाले होते. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँग येथील ३३ वर्षांच्या एका गृहस्थांना १४२ दिवसांनी पुन्हा लागण झाल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईत चार आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दोन्ही वेळच्या विषाणूंची जनुकीय तपासणी झाली. त्यातही पुन्हा लागण ठरली आणि दुसऱ्या खेपेला त्रास अधिक झाल्याचे दिसले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १,३०० जणांची नोंद पाहिली. किमान १०२ दिवसांच्या अंतराने दोनदा बाधित आणि मधली एक तपासणी निर्दोष, अशी कसोटी लावली. तीत ५८ जण, म्हणजे साडेचार टक्के, बसले. हे सारे ओमायक्रॉनच्या आधीचे आहे.

परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशातील ७० जिल्ह्यांत रक्त तपासणी केली. त्यात आपल्या शेजारचा बीड जिल्हाही होता. देशभरात सुमारे ६७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. म्हणजे तीन माणसांपैकी दोघांची विषाणूशी किंवा लसीशी ओळख झालेली होती. तरीही जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आलीच. घरोघरी ताप आला, पण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूच्या खाटेसाठी बार्शी, सोलापूर अशी जी धावपळ आपण पाहिली, ती या वेळी दिसली नाही.

एका घरातील दोन आजार

त्या जानेवारीतील तालुक्यातले एक घर सांगतो. घरधनी पासष्टीचे, मधुमेही, तीस वर्षे खव्याच्या भट्टीचा धूर घेतलेले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांना कोरोना झाला. चार दिवस ताप आला, वास गेला, आणि बरे झाले. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली. त्यांच्या पत्नीने दोन्ही डोस घेतले. यांचे उत्तर ठरलेले होते, "मला झालता की. आता माझ्या अंगातच लस हाय."

जानेवारीत दोघेही एकाच आठवड्यात आजारी पडले. मावशी तीन दिवस कणकणल्या आणि चौथ्या दिवशी चुलीपुढे बसल्या. मामांचा श्वास पाचव्या दिवशी लागू लागला. बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ८८ दिसला. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले आणि नऊ दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. जीव वाचला, पण त्यानंतर त्यांना भट्टीपुढे बसवेना. साखर आटोक्यात यायलाही बरेच महिने लागले. भट्टी आता मुलगा पाहतो.

एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही. मावशींना मधुमेह नव्हता, हाही फरक आहेच. म्हणून मोठ्या आकड्यांकडे वळू.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील केंटकी राज्यात २०२० मध्ये कोरोना होऊन गेलेल्या लोकांची २०२१ च्या मे-जूनमध्ये पाहणी झाली. आजारानंतर पूर्ण लस घेतलेल्यांच्या तुलनेत, लस न घेतलेल्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता सव्वादोन पटींहून अधिक आढळली.

पुढे ओमायक्रॉनच्या काळातील अनेक अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये हिशेब मांडला गेला. तो सोप्या भाषेत असा. ज्यांना पूर्वी लागण नाही आणि लसही नाही, अशांपैकी १०० जण गंभीर आजारी पडतात, असे धरू. तितक्याच माणसांना फक्त पूर्वी कोरोना होऊन गेला असेल, तर वर्षभरानंतर गंभीर होणारे साधारण २५ राहतात. म्हणजे आजाराने संरक्षण मिळते, हे खरे आहे. "होऊन गेलाय" म्हणणारा अगदीच चुकीचे बोलत नाही. पण ज्यांना कोरोना होऊन गेला आणि लसही झाली, अशांत हा आकडा तीनच्याही खाली येतो. पंचवीस आणि तीन यांतला फरक वाचकांनी लक्षात घ्यावा.

साध्या लागणीचे मात्र तसे नाही. लागण आणि लस दोन्ही झालेल्यांनाही वर्षभराने पुन्हा लागण होण्यापासून सुमारे ४२ टक्केच संरक्षण उरते. लस घेऊनही ताप येतो, तो यामुळे.

आजाराने मिळणारे संरक्षण फुकट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ते मिळवताना कोणाची साखर बिघडते, कोणाच्या फुप्फुसावर व्रण राहतो, तर कोणी परतच येत नाही.

लसीची भीती

कोव्हिशील्डमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा दुष्परिणाम खरा आहे, पण अत्यंत विरळ आहे, आणि तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या डोसची धास्ती आज बाळगण्याचे कारण नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटाचा अभ्यास केला. लसीने हा धोका वाढल्याचे आढळले नाही. पूर्वी कोरोनाने दवाखान्यात दाखल व्हावे लागणे, घराण्यात असा मृत्यू झालेला असणे, एकाच बैठकीत अतिमद्यपान आणि अतिश्रमाचा व्यायाम, यांचा संबंध मात्र दिसला.

मग करावे काय?

१) वय साठीच्या पुढे असेल, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा विकार असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा घरात गरोदर स्त्री असेल, तर "होऊन गेलाय" म्हणून विषय सोडू नये. मोठ्या मोहिमेचे दिवस संपले आहेत. आज डोसची गरज आहे का आणि कोणती लस कोठे मिळेल, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

२) धडधाकट तरुणाने पूर्वी डोस घेतले असतील, तर आपल्या मनाने पुन्हा पुन्हा डोस घेत बसू नये. तशी गरज नाही.

३) प्रतिपिंडांची रक्त तपासणी करून "माझ्यात ताकद आहे" असे ठरवू नये. त्या आकड्यावरून पुढची लागण टळेल की नाही, हे सांगता येत नाही.

४) घरात कोणाला ताप-खोकला असेल, तर म्हाताऱ्या माणसांची खोली वेगळी करावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आजाऱ्याने तोंडाला मास्क लावावा.

५) प्राणवायू ९४ च्या खाली गेला, धाप लागली किंवा माणूस गुंगीत दिसला, तर घरी थांबू नये. मधुमेह्यांनी अशा तापात साखर तपासावी.

६) मेडिकलमधून स्टिरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नयेत. अवाजवी स्टिरॉइड आणि वाढलेली साखर यांतून काळ्या बुरशीने २०२१ मध्ये किती डोळे गेले, हे विसरू नये.

कोरोना पुन्हा होऊ शकतो, लस घेऊनही होऊ शकतो. पण दोन दिवस अंगदुखी होऊन तो निघून जावा, की नऊ दिवस प्राणवायूवर काढावे लागावेत, यात लसीमुळे मोठा फरक पडतो. घरात मधुमेही किंवा वृद्ध माणूस असेल, तर पुढच्या भेटीत लसीचा हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.