स्वारीचा मोह आणि संयम

जून १८५७ मध्ये झाशीतील इंग्रजी अंमल कोसळला आणि कारभार राणी लक्ष्मीबाईंच्या हाती आला. शेजारच्या संस्थानिकांपुढे तेव्हा एकच प्रश्न उभा राहिला: या संधीचा लाभ घ्यावा की स्वस्थ बसावे?

ओरछाने स्वारीचा मार्ग पत्करला. झाशी पूर्वी ओरछाच्या राज्यात मोडत असे. अठराव्या शतकात ती मराठ्यांकडे गेली. हे शल्य जुने होते. तथापि केवळ शल्यामुळे सैन्य हलत नाही. झाशी दुबळी आहे, आणि आक्रमणाला कंपनीच्या निष्ठेचे रूप देता येईल, ही दोन अनुमाने दिवाण नत्थे खान याच्या मोहिमेमागे असावीत. पहिले साफ चुकले. झाशीने ती स्वारी परतवून लावली. दुसरे मात्र खरे ठरले. वास्तविक सागरचे कमिशनर अर्स्किन यांनी इंग्रज परत येईतो कारभार पाहण्यास राणींनाच कळविले होते. पण पुढे कंपनीच्या लेखी ओरछा एकनिष्ठ आणि राणी बंडखोर ठरल्या.

झाशीच्या ईशान्येस असलेल्या समथरची गोष्ट निराळी. दतियापासून विलग झालेले हे गुजर घराण्याचे लहानसे राज्य १८१७ च्या करारामुळे सुरक्षित होते. त्यानेही कंपनीची बाजू सोडली नाही; परंतु ओरछासारखा झाशीवर जुना हक्क त्याला सांगता येण्याजोगा नव्हता. शिवाय शेजाऱ्याचा मुलूख बळाने घेण्याची प्रथा पडली असती, तर तिचा पहिला बळी कदाचित समथरच ठरले असते.