मालिकेचा एक भाग, वहीचं एक पान

रात्रीची जेवणं आटोपली, मालिका लागायची वेळ झाली. आज ती बघायचीच, पण हातात पेन घेऊन. मालिका कुणाला पुरतं माणूस म्हणून दाखवते आणि कुणाला नुसतं ट्रे धरायला उभं करते, ते तासा-दीड तासात तुमच्याच पानावर उतरेल. बसा इथे, मी शेजारीच आहे.

हाताशी ठेवा: रेघांची वही, एक निळं आणि एक लाल पेन, आणि मागे नेऊन पुन्हा बघता येईल असा एक भाग. घरातलं आणखी कुणी सोबत बसलं तर फारच छान.

१. मालिका निवडा. घरात रोज लागते तीच घ्या. नावडती घेऊ नका. तिला नावं ठेवणं इतकं सोपं असतं की स्वतःच्या नजरेतून काय निसटतं ते कळतच नाही.

२. पान आडवं धरून डावीकडे नावांसाठी जागा सोडा आणि पाच रकाने आखा: आसन, आडनाव, घर, भाषा, कारण. 'चांगला-वाईट' असा रकाना काढू नका. तो काढलात की सगळं लक्ष खलनायिकेकडे जाईल आणि मोलकरीण पुन्हा दिसेनाशी होईल.

३. आवाज बंद करून अख्खा भाग बघा आणि फक्त 'आसन' भरा. कोण सोफ्यावर बसलंय, कोण दाराशी उभं आहे, कोण जमिनीवर? एखाद्या प्रसंगात घरातली आठ माणसं बोलत असतात आणि कामवाल्या बाई ट्रे घेऊन कडेला उभ्या असतात. चहा कधीच उचलून झालाय, कप रिकामे आहेत, तरी त्या उभ्याच. त्यांना जायला कुणी सांगितलेलं नाही आणि बसायला तर नाहीच. हे टिपा. घाई करून आवाज लावू नका. संवाद कानावर पडले की डोळे बोलणाऱ्याकडेच वळतात.

४. आता आवाज लावा, भाग पहिल्यापासून सुरू करा आणि 'आडनाव' भरा. बंगल्याच्या मालकाचं आडनाव फाटकावरच्या पाटीवर असतं. वॉचमन नुसते 'काका', स्वयंपाकाच्या बाई नुसत्या 'मावशी'. मायेनं हाक मारतात म्हणून हा रकाना भरल्यासारखा करू नका. आपण नाव शोधतोय.

५. 'घर' भरा: दिवस संपल्यावर कॅमेरा कुणाच्या मागून त्याच्या घरी जातो? हा माझा सगळ्यात आवडता रकाना. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट आठवा. नारायण कांबळे या लोकशाहिराला तुरुंगात ठेवा म्हणणारी सरकारी वकील बाई कोर्टातून निघते, लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते, आणि कॅमेरा तिच्यासोबत असतो. तिचं म्हणणं आपल्याला पटत नाही, तरी ती अख्खं माणूस म्हणून समोर येते. मालिकेतल्या मावशी संध्याकाळी दाराबाहेर पडतात आणि तिथेच संपतात. खबरदारी: मावशींचं घर फक्त त्यांचा नवरा दारू पिऊन मारतो एवढ्यासाठीच दाखवलं असेल, तर शेजारी प्रश्नचिन्ह टाका.

६. 'भाषा' भरा. कुणाच्या तोंडी 'पानी' आणि 'आनी' आहे, आणि ते बोलल्यावर मागे गमतीचं संगीत वाजतं का, ते ऐका. बोली आली की लगेच फुली मारू नका, इथे भलेभले चुकतात. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये (२०१६) आर्ची-परश्या करमाळ्याकडच्या बोलीतच प्रेम करतात, त्याच बोलीत भांडतात, रडतात. म्हणून प्रश्न असा विचारा: या माणसाला त्याच्या बोलीत रागावता येतं, विचार करता येतो, की नुसतं हसवताच येतं?

७. 'कारण' भरा. प्रत्येक पात्र जे करतं ते कुणासाठी करतं? मालकिणीच्या सुखासाठीच धडपडणाऱ्या पात्राच्या रकान्यात 'दुसऱ्यासाठी' लिहा. दागिना हरवल्यावर पहिली झडती कुणाच्या पिशवीची होते, तेही इथेच येईल. शेवटी मोलकरीण निर्दोष ठरली म्हणून नोंद खोडू नका. झडती तर झालीच.

८. लाल पेन घ्या आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळी लिहा: 'आयतं' म्हणजे न मागता मिळालेलं, 'अडलं' म्हणजे मागूनही न मिळणारं. जपून हं, एका नावाला एकच शिक्का मारू नका. बंगल्यातल्या सुनेला आडनाव, घर, शुद्ध भाषा सगळं आयतं आहे, पण नोकरीला जायचं तर चार जणांची परवानगी लागते. तिच्या दोन्ही ओळी भरा.

९. पान उलटून मागे लिहा, या भागात कोण आलंच नाही. मुस्लिम शेजारीण? आदिवासी डॉक्टर? चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती? सावळी नायिका, जिच्या रंगावर कुणी एक शब्दही बोलत नाही? एका भागात सगळेच कसे येतील, असं सोबतचं कुणी म्हणेल. वाद घालू नका. आठवडाभर रोज हेच पान पुढे लिहा.

१०. पुन्हा पहिल्या बाजूला या आणि सगळ्यात खाली स्वतःचं नाव लिहून तेच पाच रकाने भरा. हे टाळू नका. 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाच्या शेवटी त्यातला जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे बघणाऱ्याकडे येतो. ही पायरी त्यासाठीच. 'आम्हीही कष्टातून वर आलोय' असं मनात येईल. आला असाल, पण कष्टाचा रकाना आपण आखलेला नाही. माझं पेन 'आडनावा'पाशी थांबलं. आमच्याकडे नऊ वर्षं येणाऱ्या ताईंचं आडनाव मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं आणि फोनमधलं 'कामवाल्या ताई' पुसून तिथे त्यांचं पूर्ण नाव घातलं.

११. पानावरची एकच नोंद निवडा. पाच नोंदींचं पत्र कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

१२. त्या नोंदीवर वाहिनीला पत्र लिहा: मालिकेचं नाव, तारीख, वेळ, दृश्य, आणि काय खटकलं ते चार ओळींत. बोलीची टिंगल असेल तर केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या नियम ६ चा उल्लेख करा; विशिष्ट भाषिक वा प्रादेशिक समूहांना हिणवणारी, तुच्छ लेखणारी दृश्यं किंवा शब्द तिथे वर्ज्य आहेत. कलाकाराला बोल लावू नका, संवाद त्यानं लिहिलेले नसतात.

१३. पत्र वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवा. जाहिरात खटकली असेल तर पत्ता वेगळा: अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया.

१४. पाठवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वरच्याच नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीनं चोवीस तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. उत्तर पटलं नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन मंडळाकडे अपील करता येतं, त्यालाही मुदत १५ दिवसांचीच. म्हणून उत्तर हाती पडेल त्या दिवशीही कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा, आणि वहीचं हे पान फाडू नका. अपिलाला जोडायला लागेल.